आधी पंचांग, मग लेन्स

वाचकांचे प्रश्न : प्रवास आणि छायाचित्रण

या वेळी ‘कोणता कॅमेरा घेऊ’ हे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर फोटो बिघडतो तो बहुधा चुकलेल्या वेळेमुळे, दमट हवेमुळे किंवा न विचारता पुढे घुसल्यामुळे. कॅमेऱ्याचा नंबर त्यानंतर लागतो.

प्रश्न : गुहागरला दोनदा गेलो. पहिल्यांदा संध्याकाळी ओल्या वाळूत अख्खं आभाळ उतरलं होतं. दुसऱ्यांदा बरोबर त्याच वेळी पोहोचलो, तर पाणी वरपर्यंत चढलेलं आणि पायाखाली फक्त कोरडी पुळण. हे आधी कसं ओळखायचं?
— एक वाचक, सातारा

भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. दिवसात दोन भरत्या येतात, म्हणून दुपारी तीनची भरती पहाटेही तीनच्या सुमारास असते. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. किनाऱ्यावरची माणसं हे गणित बोटांवर करतात. दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्याला पाणी मुंबईच्या थोडं आधी चढतं, त्यामुळे शेवटचा शब्द त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याचा. पण महिनाभर आधी सुट्टी ठरवताना तिथी पुरते.

आता हे सूर्यास्ताशी जुळवा. हिवाळ्यात कोकणात सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो. पौर्णिमा किंवा अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे सूर्यास्ताला पाणी पार खाली गेलेलं. तृतीया-चतुर्थीला त्या वेळी पाणी सर्वांत वेगाने उतरत असतं, कारण सहा तासांच्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. नुकती उघडी पडलेली वाळू आरशासारखी चकाकते. तुम्हाला हवं ते इथे आहे : पौर्णिमा-अमावास्येपासून पुढचे चार दिवस. तुमची दुसरी खेप बहुधा अष्टमीच्या आगेमागे पडली असावी.

अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी खडकांवर फुटणारं पाणी मिळतं, मात्र ते भांगाचं, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीचं असतं. लाट उधाणासारखी उंच जात नाही. आणि दशमीपासून चतुर्दशीपर्यंत संध्याकाळी पाणी चढतं असतं. त्या दिवसांत खडकाच्या टोकावर तिकाटणं (ट्रायपॉड) लावून सूर्याकडे बघत बसलात, तर परतीची वाट मागच्या मागे बुडते. त्या तिथींना खडकावर जाऊच नये. पुळणीवर काढण्यासारखं भरपूर असतं.

प्रतिबिंबासाठी कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणा. पोलरायझर (चकाकी घालवणारा फिल्टर) काढून ठेवा, नाहीतर ज्यासाठी आलात तेच पुसलं जाईल.

प्रश्न : लाटा धुक्यासारख्या दिसण्यासाठी एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळी काच) घेतला, पण तीस सेकंदांचे सगळेच फोटो हलतात. तिकाटणं चांगलं जड आहे.
— एक वाचिका, मालवण

तिकाटण्याचा दोष नाही, खालची वाळू सरकते. प्रत्येक लाट पायांभोवतालची वाळू ओढून नेते आणि पाय मिलिमीटर-मिलिमीटरने खचत जातो. तिन्ही पाय दाबून कठीण थर लागेपर्यंत आत घाला, किंवा प्रत्येकाखाली जुनी सीडी किंवा कौलाचा सपाट तुकडा ठेवा. मधला दांडा वर काढू नका. पाणी घोट्यापर्यंत येत असेल तर तीस सेकंदांचा नाद सोडा. काहीही केलं तरी हलणारच.

वेळेचा हिशोब असा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, वेळ दुप्पट) : फिल्टर न लावता १/३० सेकंद येत असेल, तर १० स्टॉपच्या फिल्टरने ३४ सेकंद लागतात. १/८ ला ६ स्टॉपचा लावला की ८ सेकंद. फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा, कारण काळ्या काचेतून कॅमेऱ्याला दिसत नाही. डीएसएलआर असेल तर डोळा लावायची मागची खिडकी झाका, तिथून प्रकाश आत शिरतो.

खरं तर धुक्यापेक्षा परतणाऱ्या लाटेच्या रेघा जास्त देखण्या असतात. त्यांना पाव ते एक सेकंद पुरतो. बटण लाट येताना दाबू नका, ती मागे फिरली की दाबा. फेस पांढरा असल्यामुळे कॅमेरा चित्र काळवंडून टाकतो. एक्स्पोजर +०.७ च्या आसपास ठेवा.

घरी आल्यावर तिकाटण्याचे पाय पूर्ण उघडून बादलीभर गोड्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि सावलीत उघडेच वाळवा. मीठ आत राहिलं तर दोन महिन्यांत खिट्ट्या करकरू लागतात.

प्रश्न : पावसाळ्यानंतर कॅमेरा काढला तर लेन्सच्या आत कोळिष्टकासारखं काहीतरी दिसलं. कॅमेरा त्याच्याच चामडी पेटीत, कपाटात, तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवला होता. काय चुकलं?
— एक वाचक, चिपळूण

पेटी, कपाट आणि तांदूळ, तिन्ही. चामडं आणि कापड हवेतला ओलावा धरून ठेवतात. म्हणजे तुम्ही लेन्स चार महिने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीत. बंद अंधारं कपाट बुरशीला मानवतं. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, उलट त्याची पूड झूमच्या फटीत जाते. तो पेजेला वापरा.

हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर टिकली की काचेवर बुरशी धरते. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती त्याच्या खूप वर असते. लेन्स ४० ते ५० टक्क्यांत ठेवायची. फार कोरडंही नको. तिसाच्या खाली रबर आणि आतलं वंगण सुकतं. महागडं ड्राय कॅबिनेट लागतंच असं नाही. झाकणाला रबरी पट्टी असलेला दहा-पंधरा लिटरचा प्लास्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावर काम होतं. मापक टाळू नका. त्याच्याशिवाय डबा म्हणजे नुसती श्रद्धा.

सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओलावा पिऊन ते हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवून परत वापरता येतं. निळं जेल मिळतं, पण त्यात कोबाल्ट असतं. ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. पूर्वी कपाटात पंचवीस-चाळीस वॉटचा दिवा जळत ठेवायचे, तो उपाय खरा होता. पण तो पिवळा बल्ब होता. आताच्या एलईडीने कपाट तापत नाही, नुसता उजेड पडतो.

तुमच्या लेन्सची तपासणी अशी करा : छिद्र पूर्ण उघडून मागच्या बाजूने तिरका टॉर्च मारा. कडेला दोन-चार तंतू असतील तर फोटोत फरक पडणार नाही, पण ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. जाळं मधोमध असेल तर लगेच दुरुस्तीला द्या. बुरशी काचेवरचा लेप खाते आणि तो खाल्ल्यावर साफ करूनही डाग राहतो. उन्हात ठेवल्याने वाढ थांबू शकते, जाळं मात्र जात नाही. आणि पुढचं झाकण काढून लेन्स सूर्यासमोर कधीही ठेवू नका, ती भिंगासारखी आग लावते.

सर्वांत स्वस्त उपाय : पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा कॅमेरा काढा, चार फोटो घ्या, झूम फिरवा.

प्रश्न : उक्षीचं हत्तीचं कातळशिल्प दुपारी बाराला बघितलं. डोळ्यांना दिसत होतं, फोटोत नुसता सपाट कातळ आला. पाणी ओतून किंवा खडूने रेघा भरून काढलं तर चालेल का?
— एक वाचक, राजापूर

नाही, दोन्ही नाही. खडू, चुना, रंग यांचे कण जांभ्याच्या छिद्रांत बसतात आणि निघत नाहीत. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. पण यादी नसती तरी उत्तर हेच असतं.

तुमची अडचण सावलीची आहे. समजा, कोरलेला चर ३ सेंटिमीटर खोल आहे. सूर्य ६० अंशांवर असताना त्याच्या काठाची सावली जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर पडते. तोच सूर्य १० अंशांवर आला की सावलीचा पल्ला १७ सेंटिमीटर होतो आणि अख्खा चर काळा भरून निघतो. १० अंश म्हणजे सूर्यास्ताच्या साधारण पाऊण तास आधी किंवा सूर्योदयानंतर तेवढ्याच वेळाने. रेघ खडूने भरायची ती सूर्याने भरून मिळते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जो चर प्रकाशाच्या दिशेलाच समांतर आहे, त्यात सावली पडतच नाही. पूर्व-पश्चिम रेघा सकाळीही हरवतात आणि संध्याकाळीही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो, त्यामुळे तिरका प्रकाश दोन बाजूंनी मिळतो आणि सकाळी न दिसलेला पाय संध्याकाळी दिसतो. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं गवतही तोवर वाळलेलं असतं. तरीही रेघ लपली तर अंधार पडू द्या. एफ/८, आयएसओ ४००, वीस-तीस सेकंद, आणि कुणाला तरी दोन-तीन मीटरवरून जमिनीलगत टॉर्च हलता ठेवायला सांगा. टॉर्च उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून. एका जागी धरला तर जवळचा भाग जळतो.

कातळ गडद असल्यामुळे कॅमेरा तो करडा करून टाकतो, −०.७ ठेवा. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, तो उभ्या माणसाच्या नजरेतून मावणार नाही. तीन-चार मीटरच्या काठीवर कॅमेरा बसवून मोबाइलवरून बटण दाबा, काठावरून फिरत एकमेकांवर तिसरा हिस्सा चढणारे फोटो घ्या आणि नंतर जोडा. आकार कळण्यासाठी बाजूला एक मोजपट्टी ठेवा. शिल्पावर पाय देऊन उभा राहिलेला मित्र हे मोजमाप नव्हे.

प्रश्न : शिमग्याला गावी जातो तेव्हा पालखी नाचवतानाचे फोटो एकतर हलतात, नाहीतर त्यात काळे आडवे पट्टे येतात.
— एक चाकरमानी, डोंबिवली (गाव संगमेश्वर)

पट्टे मंडपातल्या एलईडीचे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिटतात-पेटतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात. १/२५० वर गेलात की परत येतात. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा.

पण १/१०० वर नाचणारी पालखी कशी थांबणार? ती स्वतःच थांबते. वर उडवलेली पालखी टोकाला क्षणभर स्थिर असते, खाली यायला लागायच्या आधी. दोन-तीन ठेके नुसते बघा, ढोलाची लय अंगात भिनू द्या आणि त्या टोकाला बटण दाबा. आयएसओ ३२०० ते ६४००, एफ/२.८ किंवा असेल ते सर्वांत मोठं छिद्र, लेन्स २४ ते ३५ मिमीची. दाणेदार फोटो चालतो, हललेला देव चालत नाही. उलट नाचाचा वेग दाखवायचा असेल तर १/१५ वर पालखीबरोबर कॅमेरा फिरवा. दहांत एखादा जमतो.

होमाजवळ व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. कॅमेरा जाळाचा तांबूसपणा धुऊन टाकतो. ३२०० ते ४००० केल्विनमध्ये बांधून ठेवा.

तारखा आधी गावात विचारा. कुठे तेरसे (त्रयोदशीचा) शिमगा, कुठे भद्रेचा (पौर्णिमेचा), आणि पालखी कोणत्या वाडीत कधी येते हे गावच ठरवतं. सहाणेवर (पालखीच्या ओट्यावर) बसलेल्या पालखीतल्या रुप्यांचा, म्हणजे देवांच्या मुखवट्यांचा जवळून फोटो हवा असेल तर गुरवाला आणि मानकऱ्यांना विचारा, चपला लांब काढा. काही गावांत नाही म्हणतात. तिथे विषय संपला. फ्लॅश पालखी खांद्यावर घेणाऱ्याच्या डोळ्यांवर मारू नका. त्याचा पाय चुकला तर देव खाली येतो, आणि मग गाव तुमच्याशी काय बोलेल ते आम्ही छापू शकणार नाही.

प्रश्न : हर्णे बंदरातला मासळीचा लिलाव काढायचा आहे. लोक चिडतात का?
— एक वाचिका, पुणे

बोली चालू असताना मध्ये उभं राहिलं की चिडतात. तिथे पैशाचा व्यवहार चाललेला असतो आणि बोली लावणाऱ्याला मासळी दिसली पाहिजे. बोलीच्या रिंगणाबाहेर राहा, आधी कॅमेरा खाली ठेवून अर्धा तास फिरा, मासळी विकत घ्या. मग “मावशी, एक फोटो काढू का?” एवढं विचारणं पुरतं. त्यांनी मान वळवली किंवा पदर ओढला तर तेच उत्तर समजा. फोटो पाठवीन म्हणालात तर खरोखर पाठवा, शक्यतो छापून. पुढच्या वेळी बंदर तुम्हाला ओळखतं.

सकाळी ऊन जमिनीकडून येतं, म्हणून गावाकडे पाठ करून समुद्राकडे बघा. होड्या, बैलगाड्या आणि मागचा सुवर्णदुर्ग उजळलेला मिळतो. संध्याकाळी उलटं करा, समुद्राकडे पाठ. ऊन सरळ चेहऱ्यांवर पडतं. निळ्या ताडपत्रीखाली उभ्या माणसाचा चेहरा निळसर येतो. त्याला दोन पावलं बाहेर बोलावण्यापेक्षा तुम्हीच कोन बदला. पापलेट-सुरमईची चमक जळू नये म्हणून −०.७ ठेवा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा लिलावासाठी जाऊ नका.

प्रश्न : वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना मोबाइलवर काढता येतील का?
— एक विद्यार्थिनी, महाड

येतील. फ्लॅश बंद आणि फोकससाठी आपोआप लागणारा दिवाही बंद. तो बहुतेकजण विसरतात. पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात. तुमचा उजेड मागे असेल तर ती मागे वळतात. दोरीच्या बाहेर, आडवं होऊन, मोबाइल वाळूला टेकवून काढा. पिल्लू जेमतेम चार सेंटिमीटरचं असतं, वरून काढलं तर वाळवीसारखं दिसतं. संध्याकाळची वेळ बरी, ऊन समुद्राकडून येतं आणि वल्ह्यांसारख्या पायांभोवती कड उजळते. सकाळी डोंगरामुळे पुळणीवर ऊन उशिरा पोहोचतं. हातात धरून फोटो मागू नका. ही ऑलिव्ह रिडले कासवं १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

प्रश्न : विजयदुर्गावर ड्रोन उडवता येईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग यांनाही हेच लागू. इतर ठिकाणी २०२१च्या ड्रोन नियमांचा नकाशा बघा : हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत, पिवळ्यात परवानगीने, लाल भागात केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय नाही. बंदरं, नौदल आणि तटरक्षक दलाच्या जागा आधी तपासा.

सड्यावरून उडवताना होकायंत्राचा इशारा आला तर दुर्लक्ष करू नका. जांभ्यात लोह भरपूर असतं, आणि देवाचे गोठणे इथे तर साधं होकायंत्रही भलतीच दिशा दाखवतं. समुद्रावर खालचे सेन्सर लाटांना फसतात, म्हणून पाण्यापासून दहा मीटरच्या खाली उतरू नका. वारा समुद्राकडे वाहत असेल तर परतीला जास्त बॅटरी जाते. चाळीस टक्क्यांवर मागे फिरा. घारी घिरट्या घालू लागल्या तर लगेच उतरवा.

प्रश्न : फेब्रुवारीत नॉर्वेला ट्रॉम्सोला उत्तर ध्रुवीय प्रकाश बघायला जाणार आहोत. पैसे बरेच गेलेत, फोटो हुकायला नकोत. इथे काय सराव करू?
— एक दांपत्य, रत्नागिरी

तुम्ही राहता ती जागा सरावाला उत्तम आहे. हिवाळ्यातली अमावास्या गाठा आणि गावाचे दिवे पाठीमागे राहतील असा किनारा शोधा. नशीब असेल तर लाटा निळ्या चमकताना दिसतील. नॉक्टिल्यूका नावाचे सूक्ष्म जीव पाणी ढवळलं की उजळतात. त्यांच्यासाठी एफ/२.८, आयएसओ ३२००, आठ-दहा सेकंद. नाही चमकल्या तर तारे काढा.

सरावाची मुख्य गोष्ट फोकस. अंधारात ऑटोफोकस आपटतो. मॅन्युअलवर घ्या, पडद्यावर एक ठळक तारा दहापट मोठा करा, तो सर्वांत बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा आणि तिथे चिकटपट्टी लावा. हे हातमोजे घालून, डोळे मिटून जमेपर्यंत करा. पुळणीवर हातमोजे घालून बसलेल्या माणसाकडे लोक बघतील, बघू द्या. तिकडे सेटिंग जवळजवळ हेच, फक्त वेळ बदलतो : प्रकाश मंद असेल तर दहा सेकंद, पडद्यासारखा झुलू लागला की दोन-तीन. जास्त ठेवलंत तर झुलणाऱ्या घड्या विरून नुसता हिरवा पट्टा उरतो. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. दोन जादा घ्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. पारंपरिक वेशातले सामी लोक (तिथले मूळ रहिवासी) भेटले तर आधी विचारा, इथे मानकऱ्यांना विचारता तसंच.

लेन्सवर धरणारं दव तुम्हाला माहीतच असेल. इथे तीस अंश आणि ऐंशी टक्के दमट हवेत सव्वीस अंशांखालच्या काचेवर पाणी जमतं, म्हणून एसी खोलीतून थेट बाहेर काढलेली लेन्स पांढरी होते. तिकडे क्रम उलटा : बाहेर काही होत नाही, उबदार खोलीत शिरल्यावर कॅमेरा आतून-बाहेरून ओला होतो. उपाय दोन्हीकडे एकच. जागा बदलण्याआधी कॅमेरा हवाबंद झिप पिशवीत घाला आणि नव्या जागी गेल्यावर पाऊण तास उघडू नका. नॉर्वेत दीड तास. मेमरी कार्ड मात्र आत शिरण्याआधी बाहेरच काढून खिशात ठेवा, म्हणजे फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जाणार नाही.